‘चहा घेतला, कॉफी घेतली, औषध घेतलं’: स्पॅनिशमधल्या नियमित क्रियापदाचा भूतकाळ

मराठीत आपण चहा घेतला म्हणतो, कॉफी घेतली म्हणतो आणि औषध घेतलं म्हणतो. घेणारा तोच, वेळही तीच, तरी क्रियापद दर वेळी बदलतं, कारण त्याचं लक्ष घेतलेल्या वस्तूकडे असतं. स्पॅनिशमध्ये या तिन्ही ठिकाणी एकच रूप येतं: ‘तोमेऽ’. त्यात ‘मी’ही आला आणि ‘घेतलं’ही आलं. वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, एक की अनेक, याच्याशी त्या क्रियापदाला काही कर्तव्य नाही. बोलणारा पुरुष की बाई, हेही ते सांगत नाही.

मराठी बोलणाऱ्याने स्पॅनिश भूतकाळाला हात घालताना ही एक गोष्ट आधी पक्की करावी: नजर वस्तूवर नको, करणाऱ्यावर हवी. क्रियापदाचा शेवट फक्त ‘कोणी केलं’ एवढंच सांगतो. बाकी पाठ करायचे ते प्रत्यय मोजून बारा, आणि त्यातलेही बरेच एकमेकांसारखे.

या काळाला पुस्तकागणिक वेगळं नाव दिसेल. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या स्पेनमधल्या पुस्तकांत ‘प्रेतेऽरितो इन्देफिनीऽदो’, आधुनिक व्याकरणांत ‘प्रेतेऽरितो पेर्फेऽक्तो सीऽम्प्ले’, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याचदा नुसतं ‘प्रेतेऽरितो’. आन्द्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणातही हेच सुटसुटीत नाव आहे. तिन्ही नावं एकाच काळाची, त्यामुळे गोंधळू नका.

वाचण्याआधी एक खुलासा. खाली स्पॅनिश शब्दांत ज्या स्वरानंतर ‘ऽ’ आहे, त्या स्वरावर जोर द्यायचा. स्वर उगाच ताणायचा नाही, ठासून म्हणायचा. उच्चार लॅटिन अमेरिकेतले दिले आहेत. स्पेनमध्ये काही ‘स’ जीभ दातांत धरून म्हणतात, पण भूतकाळाच्या नियमांना त्याने काही फरक पडत नाही.

पायरी १: शेपूट काढा

शब्दकोशात स्पॅनिश क्रियापद मूळ रूपात मिळतं आणि त्याचा शेवट तीनच प्रकारचा असतो: आर, एर किंवा इर. तोमाऽर म्हणजे घेणे, कोमेऽर म्हणजे खाणे, बिबीऽर म्हणजे राहणे किंवा जगणे. शेवटचे आर, एर, इर काढले की उरतो तो धातू: तोम, कोम, बिब. सगळे प्रत्यय या धातूला लागतात.

पहिलं क्रियापद म्हणून मी मुद्दाम तोमाऽर निवडलं आहे. बरीच पुस्तकं ‘बोलणे’पासून सुरुवात करतात. पण तोमाऽर आपल्या ‘घेणे’च्या इतकं जवळ आहे की मराठी माणसाला ते लगेच आपलंसं वाटतं. कॉफी घेणे, औषध घेणे, निर्णय घेणे, वर्गात टिपणं घेणे, अंगावर ऊन घेणे, या सगळ्याला स्पॅनिशमध्येही तोमाऽरच चालतं. शिवाय ते पूर्णपणे नियमित आहे.

पायरी २: आर-गटाचे सहा प्रत्यय

यो तोमेऽ: मी घेतलं
तू तोमाऽस्ते: तू घेतलंस
एल, एऽया, उस्तेऽद तोमोऽ: त्याने, तिने घेतलं, आदराने एकाला ‘तुम्ही घेतलंत’
नोसोऽत्रोस तोमाऽमोस: आम्ही किंवा आपण घेतलं
बोसोऽत्रोस तोमाऽस्तेइस: तुम्ही सगळ्यांनी घेतलंत (फक्त स्पेनमध्ये)
एऽयोस, एऽयास, उस्तेऽदेस तोमाऽरोन: त्यांनी घेतलं, ‘तुम्ही सगळ्यांनी घेतलंत’

धातू बाजूला ठेवला तर उरतं: एऽ, आऽस्ते, ओऽ, आऽमोस, आऽस्तेइस, आऽरोन. हे सहा शब्द पाढ्यासारखे मोठ्याने म्हणा. पाचवं रूप स्पेनबाहेर कोणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना यांपैकी कुठल्याही देशातल्या लोकांशी बोलायचं असेल तर ते ओळखता आलं तरी पुरे. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात, पण या काळात त्याचंही रूप तोमाऽस्तेच.

‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच ऐकू येतो, त्यामुळे तो लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नाहीत. मराठीत ‘तू घेतलंस’ म्हणताना शेवटी ‘स’ येतो. स्पॅनिशमध्येही बाकीच्या काळांत ‘तू’साठी शेवटी ‘स’ असतो: तोऽमास म्हणजे तू घेतोस. फक्त या एका काळात तो नाही, कारण हा प्रत्यय लॅटिनच्या जुन्या भूतकाळातून आला आणि तिथेही त्याच्या शेवटी ‘स’ नव्हता. स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसंही बोलताना कधी कधी तिथे ‘स’ जोडून ‘तोमाऽस्तेस’ म्हणतात. प्रमाण भाषेत ते चूक धरतात. तुम्ही ऐकलं तर समजून घ्या, लिहू नका.

‘उस्तेऽद’ हा आदराचा शब्द आहे, पण त्याला रूप लागतं ते ‘तो, ती’चं. समोर बसलेल्या माणसाला ‘साहेबांनी चहा घेतला का?’ असं विचारायची रीत आपल्याकडे आहेच. उस्तेऽदचं गणित तसंच समजा: बोलणं समोरच्याशी, रूप तिसऱ्याचं.

नोसोऽत्रोसमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे संदर्भावरून समजायचं.

पायरी ३: जोर

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो टिपायची सवय नसते. स्पॅनिशमध्ये मात्र तोच अर्थ ठरवतो. ही चौकडी पाहा:

तोऽमो: मी घेतो, मी घेते
तोमोऽ: त्याने घेतलं, तिने घेतलं
तोऽमे: घ्या (आदराने)
तोमेऽ: मी घेतलं

अक्षरं तीच, फक्त जोर एकीकडून दुसरीकडे गेला. तेवढ्याने करणारा बदलला, काळ बदलला, विधानाची आज्ञा झाली. ‘मी घेतलं’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर पडला तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही त्याला काहीतरी घ्यायला सांगताय.

लिहिताना हा जोर उजवीकडे वर झुकलेल्या छोट्या रेघेने दाखवतात. स्पॅनिशमध्ये तिला ‘तीऽल्दे’ म्हणतात. आपल्या सहा रूपांत ती फक्त पहिल्या आणि तिसऱ्या रूपाच्या शेवटच्या स्वरावर येते. बाकी चार रूपांत जोर नियमानुसार शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, म्हणून खूण लागत नाही. मोबाईलच्या कळफलकावर स्वराची कळ दाबून धरली की खूण असलेला स्वर मिळतो. सुरुवातीपासून ती लिहायची सवय लावा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली रेघ पुढे कायमची सुटते आणि लिहिताना सुटली की बोलतानाही जोर घसरतो.

सरावासाठी वरची चौकडी हाताने ठेका धरून म्हणा. जोराच्या अक्षरावर टेबलावर थाप पडली पाहिजे. मग तीच चौकडी दुसऱ्या क्रियापदांची करा. काऽन्तो म्हणजे मी गातो, कान्तोऽ म्हणजे त्याने किंवा तिने गायलं. काऽन्ते म्हणजे गा (आदराने), कान्तेऽ म्हणजे मी गायलं. चार-पाच क्रियापदांनंतर कान तयार व्हायला लागतो.

पायरी ४: एर आणि इर, दोघांचे प्रत्यय एकच

वर्तमानकाळात हे दोन गट थोडे वेगळे चालतात, भूतकाळात मात्र पूर्ण एक होतात.

कोमीऽ, कोमीऽस्ते, कोम्योऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोम्येऽरोन
बिबीऽ, बिबीऽस्ते, बिब्योऽ, बिबीऽमोस, बिबीऽस्तेइस, बिब्येऽरोन

आर-गटात ‘आ’ होता तिथे आता ‘ई’ आली आणि तिसऱ्या व सहाव्या रूपात ‘य’चा आवाज डोकावला. सांगाडा तोच. ‘तू’चं स्ते, आमचं मोस, त्यांचं रोन, हे तिन्ही गटांत आहेत, त्यामुळे खरं पाठांतर वाटतं त्याहून कमी आहे.

गोव्यात ज्यांनी घरात किंवा शाळेत पोर्तुगीज वाचली आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ‘तोमाऽस्ते’ पोर्तुगीजमध्येही अक्षरशः असंच लिहितात आणि ‘मी खाल्लं’मध्ये फरक फक्त वरच्या रेघेचा आहे. ‘तो’च्या रूपात मात्र सावध राहा: पोर्तुगीज आर-गटात शेवटी दोन स्वर लिहिते, स्पॅनिश एकटा ओऽ.

आणखी एक गोष्ट. आर आणि इर गटांत ‘आम्ही’चं रूप वर्तमानात आणि भूतकाळात एकच असतं. तोमाऽमोस म्हणजे आम्ही घेतो आणि आम्ही घेतलं, दोन्ही. बिबीऽमोसचंही तसंच. एर-गटात ते वेगळे राहतात: कोमेऽमोस म्हणजे खातो, कोमीऽमोस म्हणजे खाल्लं. गोंधळ टाळायला वाक्यात ‘काल’ किंवा ‘गेल्या वर्षी’ असा शब्द घातला की झालं.

असे काळाचे शब्द हाताशी ठेवा: आयेऽर (काल), आनोऽचे (काल रात्री), ला सेमाऽना पासाऽदा (गेल्या आठवड्यात), एल आऽन्यो पासाऽदो (गेल्या वर्षी), आऽसे दोस आऽन्योस (दोन वर्षांपूर्वी). आन्तेआयेऽर म्हणजे परवा, पण होऊन गेलेलाच. येणाऱ्या परवासाठी तो चालत नाही.

पायरी ५: वाक्य बांधा

‘मी, तू, तो’ हे शब्द बहुतेक वेळा लागतच नाहीत. तोमेऽ काफेऽ एवढं म्हटलं की ‘मी कॉफी घेतली’ पूर्ण झालं. जोर द्यायचा असेल (‘मी घेतली, त्याने नाही’) किंवा कोण ते स्पष्ट करायचं असेल तरच सर्वनाम लावा. दर वाक्याला ‘यो, यो’ करत बसलं की ऐकणाऱ्याला ते खटकतं.

मराठीत भूतकाळ आला की कर्त्याला बऱ्याचदा ‘ने’ चिकटतो: आनाने कॉफी घेतली. स्पॅनिशमध्ये तिथे काहीच चिकटत नाही: आऽना तोमोऽ काफेऽ. ‘ने’साठी काय म्हणायचं असं बऱ्याच नवशिक्यांना वाटतं. काहीही म्हणायचं नाही.

उलट, आपल्या ‘ला’ची एक सवय इथे कामाला येते. मराठीत ‘मी पुस्तक शोधलं’ पण ‘मी आनाला शोधलं’ असं आपण बोलतो. म्हणजे वस्तू नुसती, माणूस आला की ‘ला’. स्पॅनिशमध्येही अगदी तसंच आहे, फक्त तो ‘आ’ नावाच्या आधी येतो: बुस्केऽ एल लीऽब्रो, पण बुस्केऽ आ आऽना. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागतं. आपण मराठीतूनच विचार केला तर ते आयतं मिळतं.

नकार क्रियापदाच्या आधी येतो: नो तोमेऽ काफेऽ, कॉफी घेतली नाही. प्रश्नासाठी ‘का’सारखा शब्द नाही, आवाज चढवला की प्रश्न झाला: तोमाऽस्ते काफेऽ? लिहिताना प्रश्नचिन्ह दोन्ही टोकांना देतात, सुरुवातीचं उलटं.

पायरी ६: हा काळ कधी वापरायचा

घडलं, संपलं, तिथे हद्द पडली, अशा गोष्टीला हा काळ. किती वेळ चाललं याला महत्त्व नाही. क्षणभराची घटनाही चालते आणि शंभर वर्षांचं राज्यही, बोलणारा ते बाहेरून, पूर्ण झालेलं म्हणून बघत असला की झालं.

मेक्सिकोचे कवी ओक्ताव्यो पास १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. त्यांच्याबद्दल म्हणायचं: बिब्योऽ एन नुएऽबा देऽली सेइस आऽन्योस, ते नवी दिल्लीत सहा वर्षं राहिले. सहा वर्षं हा मोठा काळ, पण त्याला दोन्हीकडे कुंपण आहे. १९६८ मध्ये मेक्सिको शहरात त्लातेलोल्को इथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडलं: देखोऽ एल काऽर्गो. ही एका क्षणाची कृती. दोन्हीकडे काळ एकच.

असंच एक वाक्य रवींद्रनाथ ठाकुरांचं: तागोऽरे बिसितोऽ आर्खेन्तीऽना एन १९२४, टागोरांनी १९२४ मध्ये अर्जेंटिनाला भेट दिली. आणि चिलीच्या कवयित्रीचं: गाब्रिएऽला मिस्त्राऽल रेसिब्योऽ एल नोबेऽल एन १९४५, गाब्रिएला मिस्त्राल यांना १९४५ मध्ये नोबेल मिळालं. मराठीत ‘मिळालं’ हे नोबेलकडे बघतं, स्पॅनिशमध्ये ‘रेसिब्योऽ’ मिस्त्रालबाईंकडे बघतं.

घटना एकामागून एक सांगायच्या असतील तर हा काळ साखळीसारखा वापरतात. गोव्याच्या वाचकांना ज्याचं चरित्र ठाऊक आहे असा एक स्पॅनिश माणूस घेऊ, नाबार्राचा फ्रान्सिस्को खाब्येर, म्हणजे जुन्या गोव्यात ज्याचा देह आहे तो संत फ्रान्सिस झेवियर:

फ्रान्सीऽस्को खाब्येऽर नास्योऽ एन नाबाऽर्रा एन १५०६. साल्योऽ दे लिस्बोऽआ एन १५४१, पासोऽ बाऽर्योस मेऽसेस एन मोसाम्बीऽके इ येगोऽ आ गोऽआ एन १५४२.

जन्मला, लिस्बनहून निघाला, मोझांबिकमध्ये काही महिने काढले, गोव्याला पोहोचला. चार क्रियापदं, दोन आर-गटातली (पासोऽ, येगोऽ), एक एर (नास्योऽ), एक इर (साल्योऽ), चारही ओऽवर संपणारी. मराठीत याच वाक्यात ‘जन्मला, निघाला, पोहोचला’ एकीकडे आणि ‘महिने काढले’ दुसरीकडे, म्हणजे मधेच क्रियापद कर्त्याला सोडून महिन्यांच्या मागे गेलं. हा बदल स्पॅनिशमध्ये कधीच होत नाही. चरित्र सांगायला शिकायचं असेल तर असा एखादा परिच्छेद पाठ करून त्यात दुसऱ्या माणसाची नावं आणि सालं भरत जा.

पायरी ७: ‘घेतलं’ आणि ‘घ्यायचो’

स्पॅनिशचा दुसरा भूतकाळ ‘इम्पेर्फेऽक्तो’ म्हणून ओळखला जातो. या दोघांतून योग्य तो निवडणं भल्याभल्यांना वर्षानुवर्षं छळतं. मराठी माणसाला एवढं छळायचं कारण नाही, कारण आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे: घ्यायचो, खायचो, राहायचो.

मनातलं मराठी वाक्य ‘घ्यायचो’ किंवा ‘घेत होतो’ असं असेल तर इम्पेर्फेऽक्तो: तोमाऽबा. ‘घेतलं’ असं असेल तर आपला प्रेतेऽरितो: तोमेऽ. लहानपणी आम्ही दूध घ्यायचो: तोमाऽबामोस लेऽचे. काल आम्ही दूध घेतलं: आयेऽर तोमाऽमोस लेऽचे. दोन्ही एका वाक्यातही येतात: तोमाऽबा काफेऽ क्वाऽन्दो येगोऽ आऽना, मी कॉफी घेत होतो तेवढ्यात आना आली. चालू असलेलं काम इम्पेर्फेऽक्तोत, मधे येऊन धडकलेली घटना प्रेतेऽरितोत.

कोनोसेऽर या क्रियापदात हा फरक छान दिसतो. कोनोसीऽआ आ आऽना म्हणजे मी आनाला ओळखत होतो. कोनोसीऽ आ आऽना म्हणजे आनाशी माझी ओळख झाली, पहिली भेट. मराठीत त्याला दोन वेगळ्या रचना लागतात, स्पॅनिशमध्ये काळ बदलला की काम झालं.

आता एक सापळा, आणि तो फक्त आपल्यासाठी आहे. मराठीत जरा जुनी गोष्ट सांगताना आपण सहज ‘होतो’ जोडतो: गेल्या वर्षी आम्ही लिमा पाहिलं होतं. त्याचं शब्दशः भाषांतर केलं तर स्पॅनिशमध्ये वेगळाच, ‘त्याच्याही आधी’ असं सांगणारा काळ येतो आणि ऐकणारा वाट बघत बसतो की कशाच्या आधी. साधी जुनी घटना असेल तर ‘होतं’ सोडून द्या: एल आऽन्यो पासाऽदो बिसिताऽमोस लीऽमा.

‘घेतला आहे, घेतलाय’ यासाठीही स्पॅनिशमध्ये स्वतंत्र काळ आहे: ए तोमाऽदो. माद्रिदचा माणूस ‘आज मी दोन कॉफ्या घेतल्या’ म्हणायला बहुधा तो वापरेल, कारण आजचा दिवस अजून संपलेला नाही. मेक्सिको किंवा ब्यूनोस आयर्सचा माणूस सरळ ‘ओय तोमेऽ दोस काफेऽस’ म्हणेल. खुद्द स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कानारी बेटांवर साध्या भूतकाळाकडेच कल असतो. माझं मत असं की नवशिक्याने आधी एकट्या प्रेतेऽरितोवर पकड बसवावी. तेवढ्यावर ‘आज’चं वाक्यही सगळीकडे समजतं.

पायरी ८: जिथे मराठी सवयच बरोबर ठरते

सुरुवातीला म्हटलं की वस्तूकडे बघणं सोडा. एका ठिकाणी मात्र ते सोडायचं नाही. मराठीत ‘मला चित्रपट आवडला, मला आंबे आवडले’ असं म्हणतो. आवडणारा ‘मला’ होतो आणि क्रियापद आवडलेल्या गोष्टीबरोबर चालतं. स्पॅनिशचं गुस्ताऽर नेमकं तसंच चालतं:

मे गुस्तोऽ ला पेलीऽकुला: मला चित्रपट आवडला
मे गुस्ताऽरोन लोस माऽन्गोस: मला आंबे आवडले

मे म्हणजे मला, ते म्हणजे तुला, ले म्हणजे त्याला किंवा तिला, नोस म्हणजे आम्हाला. एकवचनी गोष्ट असेल तर गुस्तोऽ, अनेकवचनी असेल तर गुस्ताऽरोन. लिंगाचा प्रश्न इथेही नाही. ही रचना इंग्रजीभाषकांना उलटी वाटते आणि पुस्तकं तिच्यावर पानंच्या पानं खर्च करतात. तुम्ही मधलं इंग्रजी गाळा आणि मराठी वाक्य तसंच उचला. दुखणंही याच वाटेने जातं: मे दोल्योऽ ला काबेऽसा, माझं डोकं दुखलं.

पायरी ९: नियमितच, पण लिहिताना सांभाळा

काही क्रियापदं ऐकायला पूर्ण नियमित असतात, फक्त ‘मी’च्या रूपात स्पेलिंग बदलतं. बुस्काऽरचं बुस्केऽ, येगाऽरचं येगेऽ, एम्पेसाऽरचं (सुरू करणे) एम्पेसेऽ. देवनागरीत बघितलं तर काहीच बदललेलं नाही. रोमन लिपीत मात्र ‘सी’ अक्षराचा पुढे ‘ए’चा आवाज आला की ‘स’ होतो, म्हणून ‘क’ टिकवायला तिथे क्यू आणि यू लिहितात. ‘जी’चा तशाच जागी ‘ख’ होतो, म्हणून ‘ग’ टिकवायला मधे यू घालतात. झेडच्या जागी सी येतो. आवाज राखण्यासाठी केलेली ही सोय आहे, वेगळा नियम म्हणून घोकू नका.

लेएऽर म्हणजे वाचणे. त्याचं तिसरं रूप लेयोऽ, सहावं लेयेऽरोन. दोन स्वरांच्या मधे सापडलेली ‘इ’ लिहिताना ‘य’ होते.

वर्तमानकाळात ज्यांचा धातू बदलतो त्यांची धास्ती घेऊ नका. आर आणि एर गटातली असली तर ती भूतकाळात सरळ होतात: प्येऽन्सो (मी विचार करतो) पण पेन्सेऽ, बुएऽल्बो (मी परततो) पण बोल्बीऽ. इर-गटातल्या काहींचा धातू तिसऱ्या आणि सहाव्या रूपात थोडा वाकतो: पेदीऽरचं पिद्योऽ (त्याने मागितलं), दोर्मीऽरचं दुर्म्योऽ (तो झोपला).

पूर्ण अनियमित क्रियापदं वेगळी बसून शिकायची आहेत. सध्या दोन जोड्या पुरेत, कारण त्यांच्याशिवाय एक दिवसही निभत नाही: फुइ (मी गेलो, गेले), फुए (तो गेला, ती गेली) आणि ईऽसे (मी केलं), ईऽसो (त्याने, तिने केलं). यांवर रेघ नाही. जुन्या छापील पुस्तकांत फुइ, फुए यांवर रेघ दिसली तर ती छपाईची चूक नाही, १९५९ पासून लागू झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती काढली.

सराव: एक दिवस, दोन माणसं

काल दिवसभर काय केलं ते सांगा. त्यासाठी लागणारी बहुतेक क्रियापदं नियमित आहेत:

आयेऽर मे लेबान्तेऽ आ लास सेइस. मे बान्येऽ, देसायुनेऽ इ तोमेऽ एल त्रेन. त्राबाखेऽ आऽस्ता लास सीऽन्को. कोम्प्रेऽ बेर्दूऽरास, बोल्बीऽ आ काऽसा, कोसिनेऽ इ सेनेऽ. एस्क्रिबीऽ ऊऽना काऽर्ता.

काल मी सहाला उठलो. आंघोळ केली, नाश्ता केला आणि ट्रेन घेतली. पाचपर्यंत काम केलं. भाज्या घेतल्या, घरी परतलो, स्वयंपाक केला आणि जेवलो. एक पत्र लिहिलं.

हा परिच्छेद लिहिणारी बाई असेल तर मराठीत ‘उठले, परतले, जेवले’ होईल. स्पॅनिश परिच्छेदातलं एक अक्षरही बदलणार नाही. ‘मे लेबान्तेऽ’मधला ‘मे’ स्वतःसाठी आहे: स्वतःला उठवलं. तो करणाऱ्याबरोबर बदलतो: तू असेल तर ते, तो किंवा ती असेल तर से.

आता हाच दिवस तुमच्या बहिणीचा आहे असं समजा आणि न लिहिता, तोंडी सांगा. सुरुवात ‘मि एर्माऽना’ (माझी बहीण) अशी करा. झाल्यावर खालच्या उत्तराशी ताडून पाहा आणि मग भाऊ-बहीण दोघांचा मिळून दिवस सांगा, म्हणजे सगळी रूपं रोनवर संपतील.

आयेऽर मि एर्माऽना से लेबान्तोऽ आ लास सेइस. से बान्योऽ, देसायुनोऽ इ तोमोऽ एल त्रेन. त्राबाखोऽ आऽस्ता लास सीऽन्को. कोम्प्रोऽ बेर्दूऽरास, बोल्ब्योऽ आ काऽसा, कोसिनोऽ इ सेनोऽ. एस्क्रिब्योऽ ऊऽना काऽर्ता.